फाईलमधून सामूहिक खातेनोंदणी : दुबार खात्यांच्या हाताळणीच्या प्रकल्प नोंदी

३ मार्च

आजपासून या कामाच्या नोंदी ठेवत आहे. ॲडमिनने स्प्रेडशीटची फाईल चढवावी आणि तिच्यातल्या प्रत्येक ओळीचे एक खाते तयार व्हावे, ही सोय आमच्या प्रणालीत आधीपासून आहे. मात्र फाईलमधली व्यक्ती प्रणालीत आधीच असेल, किंवा एकाच फाईलमध्ये दोनदा आली असेल, तर काय करायचे याचा निर्णय कोडमध्ये कुठेही स्पष्टपणे लिहिलेला नाही. ई-मेल पत्ता अक्षरशः जुळला तर ती ओळ काहीही न सांगता वगळली जाते आणि जुळला नाही तर नवे खाते उघडते. परिणामी एकाच व्यक्तीची दोन-दोन, तीन-तीन खाती होतात. एका खात्यात जुना इतिहास राहतो, दुसऱ्याला नव्या परवानग्या मिळतात, आणि ती व्यक्ती ज्या खात्यातून आत येते त्यात तिला हवे ते नेमके सापडत नाही.

कामाला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर बेतलेले असतील. येथे चूक दोन प्रकारांनी होऊ शकते. दुबार खाते ओळखायचे राहून गेले, तर त्रास होतो, पण दोन्ही खाती शाबूत असतात आणि पुढे कधीही एकत्र करता येतात. दोन वेगळ्या व्यक्तींना एकच समजून त्यांची खाती एकत्र केली, तर एकाची माहिती दुसऱ्याला दिसू लागते. आणि दोन पोत्यांतले धान्य एकदा एकत्र ओतल्यावर कोणता दाणा कुठला हे जसे सांगता येत नाही, तसे त्या नोंदी नंतर वेगळ्या करता येत नाहीत. म्हणून यंत्राने आपणहून एकत्रीकरण करण्याची मुभा अत्यंत अरुंद ठेवायची आणि शंकेची प्रत्येक जागा माणसाकडे सोपवायची, या भूमिकेतून पुढचे काम होईल.

४ मार्च

ओळख कशावरून पटवायची, हा आजचा प्रश्न होता. फाईलमध्ये साधारणपणे नाव, ई-मेल, फोन, संस्थेने दिलेला क्रमांक, विभाग आणि भूमिका हे रकाने येतात. यांपैकी संस्थेने दिलेला क्रमांक सर्वांत भरवशाचा, कारण तो व्यक्तीला एकदाच मिळतो आणि विवाह, विभागबदल किंवा पत्ताबदल यांनी बदलत नाही. ई-मेल त्याच्या खालोखाल येतो. तो बदलतो, आणि काही ठिकाणी नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा पत्ता त्याच नावाच्या नव्या माणसाला दिला जातो, हे विसरून चालत नाही. फोन क्रमांक एका घरातल्या किंवा एका टेबलावरच्या अनेक व्यक्तींचा असू शकतो. नावाला मी ओळखीचा पुरावा मानायला तयार नाही. ते फक्त शंका घेण्यापुरते उपयोगी आहे.

बाहेरच्या यंत्रणेने दिलेला क्रमांक स्वतंत्रपणे जपण्याची ही कल्पना नवीन नाही. खाती एका यंत्रणेतून दुसरीत नेण्यासाठी २०१५ मध्ये आलेल्या एससीआयएम २.० या प्रमाणकात ‘एक्स्टर्नल आयडी’ नावाचे क्षेत्र नेमके यासाठीच आहे, आणि एकमेव असायला हवी अशी किंमत (म्हणजे रकान्यातली नोंद) आधीच वापरात असेल तर ४०९, म्हणजे ‘संघर्ष’, या क्रमांकाचा प्रतिसाद द्यावा, असे त्यात सांगितले आहे. आमच्या डेटाबेसच्या टेबलात असा रकाना नव्हता. तो आज जोडला. तो सर्वत्र एकमेव नसून ‘संस्था आणि क्रमांक’ या जोडीने एकमेव आहे, कारण दोन संस्थांमध्ये एकच क्रमांक असणे अगदी स्वाभाविक आहे.

६ मार्च

आजचा दिवस फाईलच्या वाचनावर गेला, आणि तो जाणे योग्यच होते. दुबार खात्यांचा मोठा भाग तुलनेच्या तर्कात नव्हे, तर फाईल आमच्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच तयार झालेला असतो.

एक्सेल संख्येचे १५ सार्थ अंकच जपते. क्रमांक १६ अंकी असेल आणि रकान्याचा प्रकार मजकूर असा ठरवलेला नसेल, तर शेवटचा अंक शून्य होतो. ज्या दोन व्यक्तींचे क्रमांक केवळ शेवटच्या अंकाने वेगळे आहेत, त्यांचे क्रमांक फाईलमध्ये तंतोतंत सारखे दिसतात आणि आमची प्रणाली त्यांना दुबार ठरवते. ‘००४५१७’ हा क्रमांक ‘४५१७’ होऊन येतो, तेव्हा उलटा प्रकार घडतो: एकच व्यक्ती दोन वेगळ्या क्रमांकांनी नोंदली जाते.

याहून घातक प्रकार फोनच्या रकान्यात आढळला. देशाच्या संकेतांकासह लिहिलेला १२ अंकी क्रमांक एक्सेल नेहमीच्या मांडणीत घातांकाच्या रूपात दाखवते, आणि तीच फाईल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर) म्हणून जतन केली की पडद्यावर दिसणारा मजकूरच फाईलमध्ये उतरतो. त्यामुळे ५५१२३४००७१२३ आणि ५५१२३४४१९८०६ हे दोन पूर्णपणे वेगळे क्रमांक फाईलमध्ये ‘५.५१२३४ई+११’ असे एकाच रूपात येतात. मूळ अंक कुठेच उरत नाहीत. ते परत मिळवण्याचा कोणताही मार्ग नाही. एका नमुना फाईलमध्ये संपूर्ण विभागाचा फोन क्रमांक असा एकच झाला होता. म्हणून अंकांच्या रकान्यात घातांकाचे रूप दिसले की ती किंमत वाचायचीच नाही, तिच्या आधारे कोणतीही तुलना करायची नाही आणि रकान्याचा प्रकार ‘मजकूर’ करून फाईल पुन्हा द्या असे ॲडमिनला स्पष्टपणे सांगायचे, असा नियम केला. अंदाजाने दुरुस्ती करण्याचा मोह येथे कटाक्षाने टाळला आहे.

स्प्रेडशीटचा हा स्वभाव कुणाच्या निष्काळजीपणामुळे त्रास देतो असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीला एक्सेल काही नावांच्या तारखा करते म्हणून ती नावेच बदलावी लागली. ‘सेप्ट १’ या संक्षेपाचे ‘सेप्टिन १’ झाले, आणि तशा बदलांची मार्गदर्शक तत्त्वे २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. जिथे संशोधकांनाही हे टाळता आले नाही, तिथे महिनाअखेरीच्या घाईत यादी भरणाऱ्या लिपिकाकडून ती अपेक्षा धरणे चुकीचे आहे. दक्षता घेण्याची जबाबदारी आमच्या वाचकावर, म्हणजे फाईल वाचणाऱ्या कोडवर, आहे.

७ मार्च

छोटी कामे. यूटीएफ-८ या अक्षर-संकेतनातल्या सीएसव्ही फाईलच्या आरंभी येणारी अदृश्य खूण काढली जात नव्हती, त्यामुळे पहिल्या रकान्याचे शीर्षक ओळखले जात नसे. पहिला रकाना संस्थेच्या क्रमांकाचा असला की सर्व ओळी क्रमांकाविना आल्या असे प्रणालीला वाटे आणि सगळी खाती नव्याने उघडत. खूण आता वाचतानाच काढली जाते, आणि अनिवार्य रकाना न सापडल्यास पुढे काहीच होत नाही. जुन्या एक्सएलएस प्रकारातल्या फाईलची मर्यादा ६५,५३६ ओळींची असल्याने, बरोबर तेवढ्या ओळी भरलेली फाईल आली तर यादी मधेच तुटली असण्याची शक्यता ॲडमिनला दाखवली जाईल.

१० मार्च

ई-मेल पत्त्याच्या सामान्यीकरणावर, म्हणजे तुलनेसाठी त्याला एकसारखे रूप देण्यावर, आज निर्णय झाला. पत्त्यातल्या ‘ॲट’ चिन्हानंतरच्या भागात लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नसतो. त्याआधीच्या भागाबद्दल मात्र ई-मेल पाठवण्याचे आरएफसी ५३२१ हे प्रमाणक सांगते की तो भेद जपायला हवा, आणि त्याच वेळी या भेदावर अवलंबून राहू नये असा सल्लाही देते. केवळ अक्षरांच्या लहान-मोठेपणामुळे दोन वेगळ्या व्यक्तींचे पत्ते वेगळे ठरावेत, असा मेल सर्व्हर व्यवहारात आढळणे फारच विरळ आहे; त्यामुळे तुलनेसाठी संपूर्ण पत्ता लहान अक्षरांत घ्यायचा असे ठरवले. हे रूपांतर भाषानिरपेक्ष नियमाने करायचे, कारण तुर्की भाषेच्या मांडणीत मोठ्या ‘आय’चे लहान रूप बिंदूविना होते आणि सर्व्हरची भाषा बदलताच तीच फाईल वेगळे उत्तर देऊ लागते.

बिंदूंच्या आणि अधिक चिन्हाच्या बाबतीत आम्ही काहीही न करण्याचे ठरवले, आणि या निर्णयावर बरीच चर्चा झाली. जीमेलवर पत्त्यातले बिंदू दुर्लक्षिले जातात आणि अधिक चिन्हानंतरचा मजकूरही. पण हा त्या सेवेचा स्वतःचा नियम आहे, सर्वांचा नाही. इतर ठिकाणी बिंदू असलेला आणि नसलेला पत्ता दोन वेगळ्या माणसांचा असू शकतो. शिवाय अधिक चिन्ह वापरून एकाच पेटीवर दोन खाती ठेवणारी व्यक्ती बऱ्याचदा ते समजून-उमजून करत असते: एक ॲडमिनचे, एक चाचणीचे. म्हणून अशी जुळणी दुबार मानायची नाही. ‘तपासून पाहा’ या यादीत फक्त तिची नोंद करायची.

पत्त्याच्या मागे-पुढे आलेली मोकळी जागा, न तुटणारी जागा आणि शून्य रुंदीची अदृश्य चिन्हे काढायची. ही चिन्हे डोळ्यांना दिसत नाहीत, वेब पानावरून मजकूर चिकटवताना सहज येतात, आणि पडद्यावर हुबेहूब सारखे दिसणारे दोन पत्ते वेगळे ठरवतात. मूळ किंमत मात्र बदलायची नाही. वापरकर्त्याने लिहिलेला पत्ता एका रकान्यात जसाच्या तसा राहील, तुलनेचे रूप शेजारच्या रकान्यात राहील, आणि पत्र नेहमी मूळ पत्त्यावर जाईल.

११ मार्च

देवनागरी नावांची चाचणी घेतली. नावावरून आपण एकत्रीकरण करणार नाही हे खरे, तरीही शंकेची यादी नावावर अवलंबून असल्यामुळे हे काम टाळता येत नाही.

‘बऱ्हाटे’ हे आडनाव घ्या. त्यातला चंद्रकोरीसारखा दिसणारा अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरांना संकेतांक देणाऱ्या प्रमाणकात, दोन प्रकारे लिहिता येतो: एकतर खाली नुक्ता दिलेल्या ‘ऱ’नंतर हलन्त देऊन, किंवा साध्या ‘र’नंतर हलन्त आणि त्यानंतर शून्य रुंदीचा जोडक (अक्षरे जोडणारे अदृश्य चिन्ह) देऊन. कळफलक कोणता आहे त्यावर कोणता प्रकार उमटेल ते ठरते. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या दृष्टीने ती दोन वेगळी आडनावे आहेत. युनिकोडचे प्रमाण सामान्यीकरण वापरले की ‘ऱ’ हे एकसंध अक्षर आणि ‘र’ अधिक नुक्ता ही जोडी एकरूप होते. जोडकाचा प्रकार मात्र तसाच वेगळा राहतो, कारण प्रमाणकाच्या दृष्टीने ही दोन रूपे समतुल्य नाहीत.

येथे कालच्या नियमाला अपवाद करावा लागला. शून्य रुंदीची सर्व चिन्हे सरसकट काढली, तर जोडकही जातो आणि ‘दऱ्या’चे ‘दर्या’ होते, म्हणजे चंद्रकोरीच्या जागी रफार येतो आणि नाव बिघडते. त्यामुळे नावांच्या रकान्यांसाठी आधी ‘र, हलन्त, जोडक’ ही मालिका ‘ऱ, हलन्त’ अशी बदलायची, नंतर प्रमाण सामान्यीकरण करायचे आणि मगच उरलेली अदृश्य चिन्हे काढायची, हा क्रम कोडमध्ये टिपणीसह लिहिला. क्रम बदलला तर चाचणी अयशस्वी होते. ‘पंडित’ आणि ‘पण्डित’ यांतला अनुस्वाराचा भेदही फक्त तुलनेच्या रूपात मिटवला आहे. माणसाने आपले नाव जसे लिहिले तसेच ते त्याला सर्वत्र दिसले पाहिजे, याबाबत तडजोड नाही.

१३ मार्च

डेटाबेसची बाजू. आतापर्यंत प्रत्येक ओळीसाठी ‘असे खाते आहे का’ हे विचारून, नसल्यास नवे घातले जात असे. हे विचारणे आणि घालणे यांच्यामध्ये क्षणभराची फट राहते, आणि त्या फटीत दुसऱ्या ॲडमिनची फाईल किंवा स्वतः नोंदणी करणारी व्यक्ती तेच खाते उघडू शकते. कोडमध्ये कितीही तपासण्या वाढवल्या तरी ही फट बुजत नाही. ती फक्त डेटाबेसमधल्या एकमेवतेच्या अटीने बुजते. त्यामुळे तुलनेच्या रूपावर एकमेव इंडेक्स (एकच किंमत दोनदा येऊ न देणारी सूची) घातला. डेटाबेसमधले दोन व्यवहार एकाच वेळी तोच पत्ता घालू लागले, तर दुसरा पहिल्याच्या निकालापर्यंत थांबतो आणि मग त्याला संघर्षाची सूचना मिळते.

फाईल आता थेट खात्यांच्या टेबलात जात नाही. आधी ती एका मधल्या टेबलात, प्रत्येक ओळीच्या मूळ क्रमांकासह आणि जशीच्या तशी उतरवली जाते. फाईलच्या आतच दुबार असलेल्या ओळी तेथे एका गटवार क्वेरीने सापडतात. हे आधी करणे केवळ नीटनेटकेपणासाठी नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ९.५ या आवृत्तीपासून ‘ऑन कॉन्फ्लिक्ट’ची सोय आहे, म्हणजे ओळ आधीच असेल तर ती अद्ययावत करता येते, परंतु एकाच आदेशात तीच ओळ दुसऱ्यांदा बदलण्याची वेळ आली तर तो आदेश त्रुटी देऊन थांबतो आणि त्यातल्या निर्दोष ओळीही जात नाहीत. हे थांबणे मला योग्यच वाटते, कारण फाईलमधल्या दोन ओळींपैकी कोणती खरी हे डेटाबेसला ठरवता येणार नाही. ‘शेवटची ओळ खरी’ असा सोपा नियम सुचवला गेला होता. मी त्याला विरोध केला: स्प्रेडशीट कुणीतरी नावानुसार लावली की शेवटची ओळ कोणती हे बदलते, आणि माणसाची भूमिका वर्णक्रमावर ठरावी हे मान्य करण्याजोगे नाही. दोन्ही ओळी सर्व रकान्यांत सारख्या असतील तरच एक धरायची; एका रकान्यातही फरक असेल तर दोन्ही थांबवून ॲडमिनला दाखवायच्या.

रिकाम्या किमतींबद्दल एक नोंद. पोस्टग्रेसमध्ये एकमेव इंडेक्स असूनही किंमत नसलेल्या कितीही ओळी चालतात, कारण ‘किंमत नाही’ आणि ‘किंमत नाही’ या दोन गोष्टी समान मानल्या जात नाहीत. रिकामी अक्षरमाला (शून्य अक्षरांचा मजकूर) मात्र खरी किंमत असल्यामुळे दुसऱ्याच ओळीला संघर्ष होतो. फाईलमधला रिकामा चौकोन वाचकाकडून रिकामी अक्षरमाला म्हणून येत होता, आणि संस्थेचा क्रमांक नसलेली सगळी माणसे एकमेकांची दुबार ठरत होती. रिकाम्या अक्षरमालेचे ‘किंमत नाही’ असे रूपांतर आता मधल्या टेबलातच होते.

१७ मार्च

जुळणी झाल्यावर काय करायचे, हा सगळ्या प्रकल्पातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे असे मी समजतो. म्हणून आजची नोंद लांब आहे.

क्रमांक जुळला आणि ई-मेलही जुळला, तर तीच व्यक्ती मानून खाते अद्ययावत करायचे. क्रमांक जुळला पण ई-मेल वेगळा असेल, तर बहुधा पत्ता बदलला आहे. पण ई-मेल हाच प्रवेशाचा मार्ग असल्याने तो फाईलमधून परस्पर बदलायचा नाही, जुन्या आणि नव्या दोन्ही पत्त्यांवर सूचना जाऊन नव्यावर खात्री झाल्यावरच बदलायचा. ई-मेल जुळला पण क्रमांक वेगळा असेल, तर थांबायचे. आधी लिहिलेला, सोडून गेलेल्या माणसाचा पत्ता दुसऱ्याला देण्याचा प्रकार नेमका येथे सापडतो, आणि तेथे एकत्रीकरण केले तर नव्या माणसाला जुन्याची सारी कागदपत्रे मिळतात. क्रमांक एका खात्याशी आणि ई-मेल दुसऱ्याच खात्याशी जुळत असेल, तर ओळ नाकारायची आणि दोन्ही खाती ॲडमिनला शेजारीशेजारी दाखवायची.

अद्ययावत करताना पासवर्ड, दुहेरी पडताळणी आणि वापरकर्त्याने स्वतः निवडलेली भाषा यांना फाईल कधीही हात लावणार नाही. रिकामा चौकोन म्हणजे ‘जे आहे ते राहू द्या’ असाच अर्थ घ्यायचा. याचा उलट अर्थ घेतला तर फक्त नाव आणि विभाग भरलेली यादी शेकडो लोकांचे फोन क्रमांक पुसून टाकेल, आणि ते कुणाला कळेपर्यंत जुन्या किमती बॅकअपमधूनही गेलेल्या असतील. किंमत मुद्दाम पुसायची असेल त्यासाठी ठरावीक खुणेचा शब्द चौकोनात लिहावा लागेल.

सुरक्षिततेचे दोन मुद्दे येथे येतात. पहिला असा: कुणीतरी दुसऱ्याच्या ई-मेलने आधीच खाते उघडून ठेवलेले असते, पत्त्याची खात्री न करताच, आणि पासवर्ड त्याच्या हाती असतो. नंतर संस्थेची फाईल येते, पत्ता जुळतो, आणि सर्व परवानग्या त्या परक्याने उघडलेल्या खात्याला मिळतात. म्हणून खात्री न झालेल्या पत्त्याच्या खात्याशी जुळणी झाली तर जुना पासवर्ड आणि चालू सत्रे रद्द करायची, पत्त्यावर नवे निमंत्रण पाठवायचे आणि परवानग्या खात्री झाल्यानंतरच लागू करायच्या. दुसरा मुद्दा असा की, एखादा पत्ता दुसऱ्या संस्थेत नोंदलेला आहे, हे ॲडमिनला कळताच कामा नये. निकालात ‘हे खाते आधीच अस्तित्वात आहे’ असे दाखवले, तर हजारो पत्त्यांची फाईल चढवून कोण कोठे सदस्य आहे हे कुणालाही शोधता येईल. अशा ओळीसमोर फक्त ‘निमंत्रण पाठवले’ एवढेच दिसेल, अगदी नव्या माणसासमोर दिसते तसेच.

बंद केलेल्या खात्यांचा पत्ता अडवून ठेवायचा की मोकळा करायचा, यावर मतभेद होते. शेवटी एकमेवतेची अट फक्त चालू खात्यांपुरती ठेवली आणि बंद खात्याशी जुळणी झाल्यास ‘पुन्हा सुरू करा’ किंवा ‘नवे उघडा’ असा पर्याय ॲडमिनला दिला. आपणहून पुन्हा सुरू करणे धोक्याचे आहे. खाते बंद करण्यामागे शिस्तभंगाचे कारणही असू शकते.

१९ मार्च

शंकेच्या यादीसाठी साम्य मोजण्याचे काम. वेगवेगळ्या याद्यांतल्या नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत का हे ठरवण्याचे गणित फेलेगी आणि सुंटर यांनी १९६९ मध्ये मांडले, आणि त्यातली एक गोष्ट आजही मार्गदर्शक आहे: निकाल दोन नव्हे तर तीन असावेत, म्हणजे जुळते, जुळत नाही, आणि माणसाने पाहावे. आमची रचना त्याच वळणावर गेली आहे. या मांडणीत प्रत्येक रकान्याला वजन असते, आणि दुर्मीळ किंमत जुळली तर तिचे वजन सर्रास आढळणाऱ्या किमतीपेक्षा जास्त धरता येते. सर्वत्र भेटणारे आडनाव जुळणे आणि क्वचित आढळणारे आडनाव जुळणे यांना सारखे महत्त्व देणे साहजिकच चुकीचे ठरेल.

प्रत्येक नावाची प्रत्येकाशी तुलना परवडत नाही. १२,००० ओळींच्या आतल्या आतच ७,१९,९४,००० जोड्या होतात. त्यामुळे जन्मतारीख, फोनचे शेवटचे अंक किंवा आडनावाचे तुलनेचे रूप यांपैकी किमान एक गोष्ट समान असलेल्या नोंदींचीच तुलना होते. नाव आणि आडनाव यांचा क्रम उलटा लिहिलेला असतो हेही लक्षात घेऊन शब्द क्रमाने लावून मगच दोन नावांतले अंतर, म्हणजे फरक, मोजले जाते. साम्याचे गुण कितीही जास्त आले तरी त्यातून आपोआप एकत्रीकरण होत नाही. जुळ्या भावंडांचे आडनाव, जन्मतारीख, पत्ता आणि बऱ्याचदा फोनही एकच असतो, आणि नावात एकाच अक्षराचा फरक असू शकतो. कोणतेही गुणांकन अशा जोडीला सर्वांत वर ठेवेल.

२१ मार्च

पूर्वदर्शनाचा पडदा तयार झाला. फाईल चढवल्यावर काहीही न बदलता किती खाती नवी होतील, किती अद्ययावत होतील, किती ओळी थांबल्या आणि का, हे दिसते. अद्ययावत होणाऱ्या ओळींत जुनी आणि नवी किंमत शेजारीशेजारी असते. मंजुरी आणि प्रत्यक्ष अंमलबजावणी यांच्यात काळ जातो, म्हणून अंमलबजावणीच्या वेळी प्रत्येक ओळीची स्थिती पुन्हा तपासली जाते आणि ती बदललेली असेल तर ती ओळ थांबते.

थांबलेल्या ओळींची फाईल ॲडमिनला परत मिळते, मूळ रकान्यांसह आणि कारणाचा एक रकाना जोडून, म्हणजे दुरुस्त करून तीच फाईल पुन्हा चढवता येते. ‘अवैध नोंद’ यासारखी कारणे मी काढून टाकली. ‘ओळ २१८ आणि ओळ ९४० यांचा क्रमांक एकच आहे, पण विभाग वेगळा आहे’ असे वाक्य वाचून माणसाला लगेच कामाला लागता येते. ही परत जाणारी फाईल स्प्रेडशीटमध्येच उघडली जाणार असल्याने, बरोबर, अधिक, उणे किंवा ॲट या चिन्हाने सुरू होणारा मजकूर सूत्र म्हणून चालवला जाऊ नये यासाठी त्याच्या आधी अवतरणचिन्ह लावले जाते. फोन क्रमांक अधिक चिन्हानेच सुरू होतात, तेव्हा परत वाचताना हे चिन्ह काढण्याची व्यवस्थाही केली.

२४ मार्च

स्वागताची पत्रे आता अंमलबजावणी पूर्ण झाल्यावरच, वेगळ्या रांगेतून जातात. प्रत्येक पत्राची खूण ‘फाईल आणि खाते’ या जोडीने एकमेव आहे, त्यामुळे काम मधेच तुटून पुन्हा सुरू झाले तरी कुणाला दोनदा पत्र जात नाही.

२६ मार्च

आधीपासून साचलेली दुबार खाती एकत्र करण्याचे साधन. कोणते खाते राखायचे हे ॲडमिन ठरवेल. दुसऱ्या खात्याशी जोडलेल्या नोंदी राखलेल्या खात्याकडे वळवल्या जातील. दोन्ही खाती एकाच गटाची सदस्य असतील तर वळवताना एकमेवतेची अट आड येते, तेव्हा आधीची सदस्यता राखून दुसरी नोंदवहीत ठेवली जाते. परवानग्यांची बेरीज मात्र होत नाही. सोयीचे म्हणून दोन्ही खात्यांचे अधिकार एकत्र दिले, तर कुणीही मंजूर न केलेला अधिकार एखाद्याकडे जमा होतो. म्हणून राखलेल्या खात्याचेच अधिकार राहतील आणि उरलेल्यांची यादी मंजुरीसाठी समोर येईल.

कोणी कधी काय केले याच्या जुन्या नोंदींतला खाते क्रमांक बदलायचा नाही. त्या जशा घडल्या तशाच राहतील, आणि मिटलेल्या खात्याचा क्रमांक राखलेल्या खात्याकडे निर्देश करत राहील. वळवलेल्या प्रत्येक नोंदीचा आधीचा मालक स्वतंत्र टेबलात लिहिला जातो, जेणेकरून एकत्रीकरण चुकीचे ठरल्यास तेवढ्या नोंदी नेमक्या परत नेता येतील. एकत्रीकरणानंतर नव्याने निर्माण झालेल्या नोंदी कुणाच्या, हे मात्र माणसालाच ठरवावे लागेल. तेथे साधन फक्त त्यांची यादी देते.

२८ मार्च

तीच फाईल पुन्हा चढवून पाहिली: एकही नवे खाते नाही, एकही बदल नाही, एकही पत्र नाही. फाईलच्या मजकुराचा शा-२५६ ठसा (मजकुरावरून गणिताने काढलेली खूण) जपल्यामुळे ‘ही फाईल आधी चढवली आहे’ अशी सूचना येते, पण अडवणूक होत नाही. मधल्या काळात खाती हाताने बदललेली असू शकतात आणि पुन्हा चढवण्याला तेच योग्य कारण असू शकते. एकाच वेळी दोन ॲडमिननी बरीचशी सारखी यादी चढवली तेव्हा समान व्यक्तींची खाती एकदाच उघडली आणि दुसऱ्या फाईलच्या त्या ओळी पुन्हा तपासणीला थांबल्या. अंमलबजावणीच्या मध्यात सर्व्हर मुद्दाम बंद केला. पुन्हा सुरू झाल्यावर काम राहिलेल्या ओळीपासून पुढे गेले.

मूळ फाईल आणि मधले टेबल यांत व्यक्तिगत माहिती असल्याने ती ३० दिवसांनी पुसण्याचे काम वेळापत्रकात घातले. ओळींचे निकाल आणि एकत्रीकरण परत फिरवण्याची नोंदवही त्यापुढेही राहतील, पण त्यांत नाव आणि पत्ता नसून केवळ खाते क्रमांक आणि नोंदींचे क्रमांक असतील. उद्यापासून ही व्यवस्था एका संस्थेपुरती सुरू होईल. शंकेच्या यादीतल्या किती जोड्या ॲडमिन ‘वेगळ्या व्यक्ती’ म्हणून परत पाठवतात ते पाहून साम्याची मर्यादा बदलायची आहे, आणि एकदा वेगळी ठरवलेली जोडी पुढच्या फाईलनंतर पुन्हा समोर येऊ नये यासाठी तो निर्णय दोन्ही खात्यांशी जोडून ठेवण्याचे काम पुढे घेतले आहे.